स्पीड नंतर विचारा, आधी लाइनमनचं गाव विचारा

गणपतीत चाकरमानी येऊन गेले की या सदराकडे येणारी पत्रं दुप्पट होतात. मुलगा मुंबईहून येतो, ऐन आरतीला बहिणीचा व्हिडिओ कॉल अडकतो, तो वैतागून "बाबा, हे बदलून टाका" म्हणतो आणि पाच दिवसांचे गणपती बोळवून परत जातो. काय बदलायचं नि कसं, ते मागे राहिलेल्यांनी बघायचं. यंदाच्या गठ्ठ्यातली चार पत्रं घेतली आहेत. पहिल्या दोघांना लांबलचक उत्तर मिळेल, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : आमचे घर चिऱ्याचे, कौलारू, पुढच्या पडवीपासून मागच्या न्हाणीपर्यंत साठ-सत्तर फूट लांब. घरात आम्ही दोघेच. मुलगा पुण्यात नोकरीला असून आंब्याच्या हंगामात दोन महिने इथून काम करीन म्हणतो. इंटरनेटसाठी तीन जण येऊन गेले. एका केबलवाल्याचे फायबर, १०० एमबीपीएस, महिना ४९९. दुसऱ्याचे फायबर, ३० एमबीपीएस, ३९९. तिसरा छपरावर खोका बसवून फाइव्ह-जी देतो. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास एक महिना फुकट आहे. कोणते घ्यावे?
– एक निवृत्त शिक्षक, देवगड तालुका

उत्तर : गुरुजी, १०० आणि ३० हे आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा. एमबीपीएसमधला 'बी' बिटचा आहे, आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ३० च्या लाइनवर सेकंदाला पावणेचार एमबी उतरतात. आता लागतं किती ते बघू. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात म्हणतं, फोर-केला १५. मुलाचा ऑफिसचा व्हिडिओ कॉल झकास चालायला तीन-चार लागतील, मात्र जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी. एक टीव्ही, एक कॉल, दोन-तीन मोबाइल, एवढ्याला ३० पुरतात. ५० म्हणजे ऐसपैस. फक्त अपलोडचा वेग वेगळा विचारून घ्या, कारण पत्रकावर मोठ्या अक्षरात छापतात तो डाउनलोडचा.

मग निवडायचं कशावरून? केबल तुमच्या घरी कुठून येणार, ती वाट चालत जाऊन बघा. मी गिऱ्हाइकाला काही सुचवण्याआधी हेच करते. खांबावरच्या काळ्या डबीपासून घरापर्यंत किती माड वाटेत येतात, वायर पोफळींना सुतळीने बांधत आणलीय का, गडग्यावरून नेलीय तर वरून गुरं जातात का. ओली झावळ सुटून पडली तर केबल तोडायला ती एकटी पुरते. वांदर तर झोके घ्यायलाच बसलेले असतात. आणि रस्त्याचं काम चालू असेल तर जेसीबी. दहा माडांखालून येणाऱ्या १०० पेक्षा उघड्या रस्त्याकडेने येणारे ३० मी कधीही घेईन.

माझंच सांगते. गुहागरच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे. २००१ साली सायबर कॅफे म्हणून सुरू केलं, आता झेरॉक्स, दुरुस्ती आणि लोकांचे पासवर्ड आठवून देणं. तिथे माझं पहिलं फायबर कुणाचं होतं ते लिहीत नाही. जुलैत फणसाची फांदी पडली आणि मोडेमवर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला, म्हणजे फायबरमधून उजेड येईनासा झाला. तक्रार केंद्र पहिल्या घंटीला फोन उचलायचं, गोड बोलायचं, नवा नंबर द्यायचं. पण लाइनमन चिपळूणला, ४५ किलोमीटरवर. फायबर जोडायचं मशीन त्यांच्याकडे एकच, तेही तीन तालुक्यांत फिरणारं. नवव्या दिवशी तो आला. काचेचा केसासारखा धागा सोलला, पुसला, मशीनमध्ये ठेवला, झाकण लावलं. वीस मिनिटांत दिवा हिरवा! वीस मिनिटांच्या कामाला नऊ दिवस. दुसऱ्या महिन्यात मी कमी स्पीडचं घेतलं, कारण त्या केबलवाल्याचा लाइनमन पोरगा दोन आळ्या सोडून राहतो. त्याची बायको माझ्याकडे झेरॉक्सला येते, आता तेच माझं तक्रार केंद्र.

म्हणून दोन्ही फायबरवाल्यांना तीनच गोष्टी विचारा. लाइनमन कुठल्या गावात राहतो? जोडणीचं मशीन स्वतःचं की भाड्याचं? आणि लाइट गेली तर तुमच्या खोलीतली यंत्रं किती तास चालतात? तिसऱ्या प्रश्नाला लोक गोंधळतात, पण तो महत्त्वाचा आहे. खांबावरच्या डब्यात जो स्प्लिटर असतो तो नुसता उजेड वाटून देतो, त्याला वीज लागत नाही. वीज लागते ती तुमच्या घरी आणि केबलवाल्याच्या खोलीत. तुमचा इन्व्हर्टर चालू आणि त्याची खोली अंधारात, तर उपयोग शून्य. बीएसएनएलचं फायबरसुद्धा खेडोपाडी बऱ्याचदा स्थानिक केबलवाल्याच्या भागीदारीतच येतं. तेव्हा बिलावर नाव कुणाचंही असो, शिडी घेऊन येणारा कोण, हे कळायला हवं.

जोडणी झाली की लाइनमनला पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधला उजेड मोजायचं यंत्र, लावून रीडिंग दाखवायला सांगा. आकडा वजा असतो. वजा १९, वजा २० आला तर पैसे द्या. वजा २५ च्या पलीकडे असेल तर कुठे तरी जोड कच्चा आहे नाही तर वायर कोपऱ्यात करकचून दुमडलीय. दर तीन अंकांना उजेड निम्मा होतो. म्हणजे वजा १९ ऐवजी वजा २५ म्हणजे चौथाई. वजा २७-२८ ला बहुतेक मोडेमना दिसेनासंच होतं. तो आकडा आणि तारीख मार्करने मोडेमच्या पाठीवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी "तुमचं वायफाय खराब आहे" असं कुणी म्हणालं की पाठ दाखवायची.

फाइव्ह-जीच्या खोक्याचं थोडक्यात. माडांचा प्रश्न नाही, जेसीबीचा नाही, ही त्याची जमेची बाजू. पण त्याच कंपनीचं सिम घातलेला फाइव्ह-जी फोन घेऊन आधी खोका बसणार त्या जागी उभे राहा, सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा. रात्री नऊला अख्खा गाव त्याच टॉवरवर असतो. दोन्ही वेळा फाइव्ह-जी दिसलं आणि व्हिडिओ कॉल सलग अर्धा तास चालला तर विचार करा. एरवी नको. जुन्या तांब्याच्या फोन लाइनवर इंटरनेट देतो असं कुणी म्हणालं तर चहा पाजून पाठवा. खाऱ्या वाऱ्यात तांब्याचे जोड हिरवे पडतात, हे समुद्राकाठच्या माणसाला सांगायला नको.

आता घरातलं. तुमच्या घराला तीनपैकी कुठलंही कनेक्शन घेतलंत तरी न्हाणीपर्यंत वायफाय जाणार नाही. जांभ्याच्या दीड फुटी भिंती ते पिऊन टाकतात. लाइनमन मोडेम पडवीतच लावेल, कारण त्याची वायर तिथे संपते. त्याला माजघरापर्यंत यायला लावा, दहा मीटर वायर जास्त लागली तर तिचे पैसे द्या. मोडेम कपाटात नको, फडताळात नको, माणसाच्या डोक्याच्या उंचीला हवा. त्यात दोन नावांनी वायफाय दिसेल. ५ गिगाहर्ट्झवालं वेगवान पण भिंतीला भिणारं, २.४ वालं संथ पण एखादी भिंत जास्त ओलांडणारं. मुलगा मागच्या खोलीत बसणार असेल तर रेंज वाढवणारं खेळणं घेऊ नका. कॅट-सिक्सची, म्हणजे इंटरनेटची तांब्याची, वायर मोडेमपासून वाशांवरून मागे न्या आणि तिथे दुसरा साधा राउटर लावा. ती वायर १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं घर त्याच्या चौथाईतही बसतं.

मोडेमसाठी छोटा यूपीएस मिळतो, दीड हजाराच्या आसपास. घेण्याआधी मोडेमच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते वाचून जा. घरात इन्व्हर्टर असेल तर हाही खर्च वाचला.

पैशांचं. ४९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की ५८९ होतात, ३९९ चे ४७१. 'अनलिमिटेड' असलं तरी बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची हद्द असते, पण तुम्ही दोघांनी रात्रंदिवस टीव्ही लावून ठेवला तरी तिथे पोचणं अवघड. त्याहून कमी हद्द सांगितली तर मात्र संपल्यावर किती वेग उरतो ते विचारा. आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका. फुकटचा महिना जाऊ दे. महिन्याच्या महिन्याला भरा, एक पावसाळा काढा, मग काय ते ठरवा. मोडेमचं डिपॉझिट घेतलं तर पावती घ्या, व्हॉट्सॲपवरचा अंगठा ही पावती नव्हे.

प्रश्न : मी २००६ पासून इंटरनेट कंपनीने कनेक्शनबरोबर दिलेला ईमेल पत्ता वापरते. पेन्शन, म्युच्युअल फंड, आयुर्विमा, सगळीकडे तोच दिला आहे. मेल विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवर विंडोज लाइव्ह मेलमध्ये उघडतात. आता दुसऱ्या कंपनीचे फायबर घ्यायचे आहे. जुने मेल राहतील का? पुढे कुठला प्रोग्राम वापरू? मुलगी म्हणते मोबाइलवर बघ, पण मला मोठा पडदा आणि कीबोर्ड लागतो.
– एक वाचक, बँकेतून निवृत्त, रत्नागिरी

उत्तर : ताई, नवीन कनेक्शन खुशाल घ्या, पण जुनं लगेच तोडू नका. कनेक्शन तुटलं की पत्ता केव्हा बंद होईल याचा भरवसा नसतो. मग म्युच्युअल फंडाचा ओटीपी अशा दारात जाऊन पडेल, जे दार आता तुमचं नाही. इंटरनेट कंपनीचा ईमेल पत्ता म्हणजे भाड्याच्या खोलीवर कोरलेली नावाची पाटी. हे मी २००६ सालीही काउंटरवर सांगत होते, तेव्हा लोकांना वाटायचं बाईला जीमेलकडून कमिशन मिळतं.

आधी कनेक्शनशी संबंध नसलेला पत्ता काढा. जीमेल घ्या, आउटलुक डॉट कॉम घ्या, दोन्ही चालतील. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा बाकीचे दोन-चार एमबी जागा द्यायचे आणि हे १ जीबी म्हणत होते, म्हणून अनेकांना एप्रिल फूल वाटलं होतं. आता फुकटात १५ जीबी मिळते, पण त्यात तुमचे गूगलवरचे फोटोही मोजले जातात. नातवंडांचे व्हिडिओ भरत गेलात की एक दिवस मेल येणं थांबतं. मग एका वहीत जुना पत्ता जिथे जिथे दिलाय त्या जागा लिहा आणि रोज दोन-तीन बदला. पेन्शन नि बँक पहिल्या दिवशी. जुन्या पत्त्यावर दोन महिने लक्ष ठेवा, कोण अजून तिकडे पत्र टाकतंय ते आपोआप कळेल.

प्रोग्रामकडे वळण्याआधी तुमच्या लाइव्ह मेलमध्ये एक गोष्ट बघायची आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये पीओपी लिहिलंय की आयमॅप? पीओपी म्हणजे रहाटाने पाणी उपसून घरच्या हंड्यात भरणं. विहिरीत काही ठेवलं नाहीत तर सगळा साठा त्या एका हंड्यात. आयमॅप म्हणजे पाणी विहिरीतच, तुम्ही मोबाइलवरून वाका की कॉम्प्युटरवरून, दिसणार तेच.

हे मी महागात शिकले. माझ्या वडिलांच्या कॉम्प्युटरवर मीच पीओपी लावलं होतं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या ओळीवर टिक करायला विसरले. श्रावणात भिंतीला ओल आली, टेबल भिंतीला चिकटून. एका सकाळी डिस्क टिक-टिक करायला लागली, पालीसारखी. दुपारपर्यंत गप्प. सहा वर्षांचे मेल गेले. त्यांच्या मित्राची पत्रं त्यात होती. तो मित्र तोवर हयात नव्हता. वडील एका शब्दानेही बोलले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

तुमचं बहुधा पीओपीच असेल. घाबरू नका, लाइव्ह मेलची एक सोय आहे. तो प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, शेवटी ईएमएल असं नाव असलेल्या. ते सगळं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर उतरवा, एकावर नाही, दोनांवर. त्या प्रोग्रामचा आधार जानेवारी २०१७ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये. त्यामुळे त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काही उघडू नका, ही माझी विनंती समजा किंवा हुकूम.

नव्या मशीनवर मी तुम्हाला थंडरबर्ड टाकायला सांगेन. मोझिला मंडळींचा, फुकट, जाहिराती नाहीत, २००४ पासून चालू आहे. जीमेलचा पत्ता घातला की सर्व्हरची नावं तो स्वतः शोधतो. आयमॅप निवडा, पोर्ट ९९३ दिसेल, ते बरोबर आहे. पासवर्डसाठी गूगलचं स्वतःचं पान उघडेल. तिथेच पासवर्ड द्यायचा, दुसऱ्या कुठल्या चौकटीत नाही. मग जुन्या ईएमएल फाइली 'लोकल फोल्डर्स' या नावाखाली ओढून आणायच्या. त्यासाठी 'इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी' नावाचं जोड-साधन आहे, पूर्ण फोल्डर एका दमात आत घेतं. सगळे जीमेलमध्ये चढवायचा मोह आवरा, १५ जीबी तशीच भरते. लोकल फोल्डर पुन्हा एकाच डिस्कवर, म्हणजे पुन्हा हंडाच. म्हणून ते पेनड्राइव्ह जपा. तांदळाच्या डब्यात नाही, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, एक तुमच्याकडे, एक मुलीकडे.

विंडोजबरोबर येणारा नवा आउटलुक दिसायला छान आहे. जुना 'मेल' प्रोग्राम २०२४ च्या अखेरीला बंद करून मायक्रोसॉफ्टने त्याच्या जागी हाच आणला. पण त्यात जीमेलसारखं दुसऱ्याचं खातं जोडलं की तुमच्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. तसं विचारणारी पाटी येते, आपण न वाचता 'पुढे' दाबतो. काहींना त्याचं काही वाटत नाही. तुम्ही बँकेत आयुष्य काढलंय, तुम्हाला वाटेल असा माझा अंदाज.

आणि मुलीचंही ऐका. आयमॅप असल्यावर मोबाइलवर ओटीपी बघितलात तरी मोठ्या पडद्यावर तोच मेल वाचलेला दिसतो.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या जुन्या ईमेलमध्ये मराठीऐवजी कसली तरी चिन्हे दिसतात. दुसरा प्रोग्राम घेतला तर वाचता येतील का?
– ग्रंथालय कार्यवाह, वेंगुर्ले तालुका

उत्तर : चिन्हं कुठली, यावर अवलंबून. जवळपास प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी लहान 'ए' पुन्हा पुन्हा येत असेल, तर मजकूर शाबूत आहे. तो युनिकोडमध्येच आहे, प्रोग्राम चुकीच्या लिपीचा चष्मा लावून वाचतोय. थंडरबर्डच्या 'व्ह्यू' मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे, ते दाबून बघा. इंग्रजी अक्षरांचं निरर्थक कडबोळं दिसत असेल, तर पत्र श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात लिहिलंय. त्याला मेलचा कुठलाच प्रोग्राम काही करू शकत नाही. तो फॉन्ट असलेला कॉम्प्युटर शोधा किंवा युनिकोडमध्ये बदलून देणारं साधन वापरा. गावात जुना डीटीपीवाला असेल तर त्याच्याकडे दोन्ही सापडतील. आणि नुसती प्रश्नचिन्हं असतील, एकापुढे एक, तर अक्षरं वाटेतच गेली. ती परत येत नाहीत.

प्रश्न : विजा चमकूक लागल्यार मोडेम काढूचो काय? घोव म्हणता, फायबर काचेचा, काय जाणा नाय.
– मालवणहून

उत्तर : काढा. घोवाचं निम्मं बरोबर आहे. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, पण ती अडॅप्टरमधून येते, आणि केबलच्या कडेला आधाराला बऱ्याचदा पोलादी तार असते. ती तार मोडेमपर्यंत आत आणलेली नसावी, भिंतीबाहेरच्या हुकावरच संपावी, हे एकदा बाहेर जाऊन बघा. मोडेमला कॅमेऱ्याची किंवा दुसऱ्या राउटरची वायर जोडलेली असेल तर तीही काढा. मागच्या हस्तात माझ्याकडे आलेल्या तीन जळक्या मोडेमपैकी दोन तशाच वायरीतून गेले होते, फायबर तिन्हींचं ठणठणीत. आणि हे सगळं पहिला गडगडाट ऐकू आला की लगेच, डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावायचा नाही.